दुसऱ्यांदा लावलेला कौल

मंगळवारी सकाळी दहा वाजता माझ्या यजमानांच्या छातीत दुखू लागलं. अकरा वाजता दवाखान्यात रक्त तपासलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. आम्ही घरी आलो. चार वाजता ते गेले.

डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं, हे मला लिहिलंच पाहिजे. तीन तासांनी पुन्हा रक्त बघू, असं ते म्हणाले होते. पण कोरोनापासून आमच्या पिंपळवंडीत निगेटिव्ह म्हणजे सुटलो, एवढाच अर्थ सगळ्यांना ठाऊक. हे हसत उठले. "पित्त असंल. चल, कांद्याला पाणी द्यायचंय." आणि शाळेत ग्रंथपाल म्हणून आयुष्यभर पुस्तकं हाताळलेली मी पिशवी उचलून त्यांच्यामागे निघाले.

पुढं मी त्या तपासणीविषयी मिळेल ते वाचून काढलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं, पण तपासणीत दिसण्याइतकं उतरायला काही तास लागू शकतात. हे समजलं त्या दिवसापासून मी देवघरात दिवा लावला नाही. भैरोबा आमचं कुलदैवत. त्यानं आम्हाला दवाखान्याच्या दारात का अडवलं नाही, असा माझा राग होता. खरं तर राग स्वतःवरच होता. देवावर काढणं सोपं गेलं.

वर्षभरानं बेल्ह्याच्या बैलबाजारात माझ्या धाकट्या दिरांच्या छातीत कळ आली. जावेचा फोन येताच मी त्याच दवाखान्यात पोचले. कार्डिओग्राम ठीक होता, रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह. डॉक्टरांनी थांबा म्हटलं आणि भाऊजी चपला शोधू लागले.

"वहिनी, निगेटिव्ह आलंय नव्हं? भाईर टेम्पोत बैल हुबा हाय. टेम्पोवाला बोंबलतोय."

"भाऊजी, ह्यांचंही पहिलं निगेटिव्हच होतं. दुसरी तपासणी झाल्याशिवाय मी तुम्हाला हलू देणार नाही."

"तुमचं सगळं पुस्तकातलं, वहिनी. दादाचा टाइम भरला व्हता."

मी दारात उभी राहिले. मला ढकलून ते गेले नसते. पण बाजूनं निघून जातील, हे मला दिसत होतं. जाऊ रडत होती. इतक्या वाचनातलं एकही वाक्य माझ्या कामाला येईना. तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा मी मनात भैरोबाला म्हणाले, आता तूच बोल, माझं संपलं.

बाकावर एक म्हातारबाबा बसले होते. महाळुंगे पडवळचे गुरव; सुनेला दाखवायला आले होते. ते भाऊजींना म्हणाले, "पावणं, आमी देवाला कौल लावतो. फूल लगीच पडत न्हाई. मंग काय देव न्हाईच म्हनून घरी जायचं?"

"तसं कसं? बसायचं की," भाऊजी म्हणाले.

"मंग बसा. पुन्हा लावू द्या डॉक्टरास्नी. बैलाला बी जरा टेकू द्या, त्यो न्हाई कुठं पळत."

भाऊजी हसले आणि बसले. मी त्यांच्या चपला माझ्या पिशवीत टाकल्या.

दुसऱ्या रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं आलं. तासाभरात ॲम्ब्युलन्सनं त्यांना पुण्याला नेलं. ते वाचले.

महिन्याभरानं मी नारळ घेऊन महाळुंग्याला गेले. बाबा देवळाच्या ओट्यावर फुलं निवडत होते. त्यांना मी आठवले नाही, भाऊजीही नाही. "लई मानसं भेटत्यात बाई," म्हणाले. मी आग्रह केला नाही. ज्यानं त्यांच्या तोंडून ते वदवलं, त्याला आठवत असेल. तो नारळ मी तिथंच फोडला.

देव मला सोडून गेला, असं मी पहिल्याच उत्तरावर ठरवून टाकलं होतं. माझ्यापुरतं शरण जाणं म्हणजे उत्तर येईपर्यंत उठायचं नाही, एवढंच. गावात कुणाच्या छातीत दुखलं तर मी बरोबर जाते आणि दुसरं रक्त घेईपर्यंत बसून राहते. लोक चेष्टा करतात, करू देत.

सकाळ-संध्याकाळ दिवा लावते. देवघरातल्या डब्यात भाऊजींचे दोन रिपोर्ट आहेत. ह्यांचा एकच आहे.