अम्मांनी लावलेली ओळ

भवानी पेठेत आमच्या शेजारी राहणाऱ्या मास्तरीणबाईंना सगळी गल्ली अम्मा म्हणायची. त्या तेलुगू, मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती. कुणावर हात उगारायचा नाही, ही त्यांच्या पंथाची शिकवण. त्यामुळे त्यांनी शाळा छडीशिवाय, नुसत्या आवाजावर चालवली. नातवंडं झाली तरी तो आवाज खाली आला नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात एका दुपारी त्यांच्या दोरीवरची नवी चादर ओढताना एक चोर सापडला. लोकांनी त्याला खाली पाडून तुडवायला सुरुवात केली. मीही बाह्या सरसावून पुढं झालो. त्याच्या तोंडातून रक्त आलं. तेवढ्यात अम्मा ओट्यावर येऊन गरजल्या, "ओळीत उभे राहा!"

निम्मी गल्ली त्यांच्याच हाताखाली शिकलेली. क्षणात ओळ लागली, तीही उंचीप्रमाणे! मिशीवाले विणकर हाताची घडी घालून उभे राहिले. अम्मांची नातसुद्धा धुण्याचं धोपाटणं पाठीमागं लपवून उभी.

"अम्मा, चोर हाय की त्यो!" एकजण म्हणाला.

"बोलायचं असेल तर आधी हात वर कर."

त्यानं हात वर केला. तोवर चोर चादरीसकट पळाला.

अम्मांनी त्याला गल्लीच्या टोकापर्यंत न्याहाळलं. "पळतोय म्हणजे हाडं शाबूत आहेत," असं समाधानानं म्हणून त्या आत गेल्या.

आम्हाला जा म्हणायचं मात्र विसरल्या. आम्ही बराच वेळ उन्हात उभे होतो.