बाजेखालून पाहिलेलं नवेगाव

पुण्यात आमच्या सोसायटीत कुणाचाही फोन बिघडला की माझ्या दाराची बेल वाजते. मी काही इंजिनीयर नाही, पोस्टातून निवृत्त झालेली बाई आहे. पण बटणं दाबायला मी घाबरत नाही आणि समोरच्याला दटावायलाही. एवढ्या भांडवलावर माझं नाव झालं आहे. त्या नावापायीच दिवाळीच्या तोंडावर मी एक पिशवी, एक चार्जर आणि भरपूर तोरा घेऊन गोंदियाच्या गाडीत बसले.

निमित्त वैशालीचं. ही मुलगी शिकायला पुण्यात होती तेव्हा माझ्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. आता लग्न होऊन ती गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधला नांदते. सासरी अंगणाच्या कडेला एक जादा खोली होती. तिला वैशालीनं स्वतः रंग दिला, पडदे शिवले, शेजारी नवी न्हाणी बांधून घेतली आणि तलाव-जंगल बघायला येणाऱ्यांना ती राहायला द्यायची असं ठरवलं. अशा खोल्या ज्या अॅपवर लावतात त्यात आधी फोटो चढवावे लागतात, आणि घोडं तिथंच अडलं होतं. फोटो निवडला की चक्र गरगर फिरायचं आणि लाल अक्षरं उमटायची, 'अपलोड अयशस्वी'.

"काकू, सगळं करून पाह्यलं, चढूनच नाही राहिले," ती फोनवर रडकुंडीला आली होती. "आणि आई म्हणतात, शनिवारी धानाची पोती येतात. तोवर खोली फोनमध्ये दिसली तर ठीक, नाही तर पोती तिथंच लावू."

एकदा पोती लागली की खोलीचं कोठार होणार आणि तिनं शिवलेल्या पडद्यांवर उंदीर झोके घेणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. मी फोनवरून सगळे उपाय सांगितले. फोन बंद करून चालू कर, अॅप काढून परत टाक, फोटो लहान कर, तुझ्या नवऱ्याच्या फोनमधली शुभ सकाळची गुलाबं आधी पुसून टाक. कशाचाही उपयोग झाला नाही. शेवटी म्हटलं, थांब बाई, मीच येते.

गाडीचा शेवटचा थांबा गोंदिया, त्यामुळे झोप लागून पुढे जाण्याची धास्ती नाही. स्टेशनाबाहेर मी रिक्षावाल्याला चोख मराठीत विचारलं, "नवेगाव बांधची एसटी कुठून सुटते?"

"बैठिये मॅडम, बस स्टँड छोड देता हूँ."

मी मराठीत घासाघीस केली, त्यानं हिंदीत दाद दिली नाही. वाटेत त्याचा फोन वाजला तर पठ्ठ्या म्हणतो, "तू जेवून घे ना माय, मी येऊन राहिलो." मी उसळलेच. मग माझ्याशी हिंदी का? तो आरशातून हसला. "आपको देखके लगा, बाहर की हो." ते मला मुळीच पटलं नाही, पण एसटी लागलेली दिसत होती.

राइस मिलच्या भुशाचा वास मागे पडला की दोन्ही बाजूंना धान सुरू होतं. काही बांध्यांमधलं (बांध घातलेली धानाची शेतं) हलकं धान कापून झालेलं, काही अजून पिवळं होत असलेलं. कोहमारा गाव सोडल्यावर झाडी दाटत गेली. शेजारी बसलेल्या आजींनी मला नीट न्याहाळलं आणि कोणाच्या घरी चालले ते विचारलं. मी सांगितलं.

"अव, ते फोटोवालीच्या घरी? चढला का तिचा फोटो?"

मी गार पडले. पुढच्या बाकावरचा एक माणूस वळून म्हणाला, "नाही चढला अजून." म्हणजे मी कुठल्या मोहिमेवर निघाले आहे ते अख्ख्या बसला ठाऊक होतं. आता हरून परत जाणं शक्यच नव्हतं.

घरी सपरीत (पुढचा ओटा) वैशालीच्या सासूबाई, गिरजाबाई, कोयता धुऊन ठेवत होत्या. सडसडीत बांधा, कमरेला खोचलेला पदर, आवाज मात्र थेट तलावापलीकडे जाईल असा. "या बाई. हात-पाय धुवा आधी. फोन कुठं पळून नाही चालला." मग आयते (तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी) आणि तलावातल्या मासोळीचा झणझणीत रस्सा समोर आला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तसं त्या म्हणाल्या, "तिखट लागून राहिलं तर आणखीन एक आयता घ्या." हा उपाय मात्र लगेच लागू पडला.

दुपारी वैशाली आणि तिचा नवरा नरेश मला तलावाच्या पाळीवर (मातीचा मोठा बांध) घेऊन गेले, कारण गावात नेटवर्क तिथं सर्वांत चांगलं. तलाव पाहून मी काही वेळ फोन विसरलेच. तिन्ही बाजूंनी टेकड्या, मध्ये पाणीच पाणी, एका खुंटावर पंख पसरून उन्हात वाळत बसलेला पाणकावळा, दूर कुणाची तरी डोंगी (लहान होडी). इतकं शांत की माझं मलाच बरं वाटलं. मग फोन हातात घेतला, फोटो निवडला, चक्र फिरलं. अयशस्वी!

या वेळी मी लाल अक्षरांखाली बोट दाबलं. तिथं मुंगीएवढ्या अक्षरांत 'कारण पाहा' असं होतं. कारण उघडलं. 'फोटोत व्यक्ती दिसत आहेत. कृपया मोकळ्या खोलीचा फोटो द्या.'

मग मी पहिल्यांदाच ते फोटो डोळे उघडून पाहिले आणि मला हसू आवरेना. खोलीच्या फोटोत बाजेवर (खाटेवर) गिरजाबाई गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसलेल्या. शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून नरेश, पाठीमागे डोक्यावर पदर घेऊन वैशाली. सपरीच्या फोटोत तिघं. आणि न्हाणीच्या फोटोत एकटा नरेश, त्याच इस्त्रीच्या शर्टात, हातात बादली.

"अगं बाई, हा काय खोलीबरोबर मिळणार आहे का?"

नरेश लाजला. वैशाली म्हणाली, "आई रिकाम्या खोलीचा फोटो काढूच नाही देत, काकू."

संध्याकाळी मी गिरजाबाईंपुढे विषय काढला. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"रिकामा पाळणा हलवता का तुमी?"

"नाही."

"कोणाचं भांडं रिकामं वापस देता?"

"नाही बा."

"मंग रिकाम्या बाजेचा फोटो कायले काढता? घरात माणसं असून घर ओस पडल्यासारखं दाखवाचं? दुनियाभर?"

वाद घालण्यापेक्षा मी डाव टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाडीत भाजी तोडायला गेल्या तशी मी खोलीत शिरले आणि मोकळ्या बाजेचा फोटो खटकन काढला. वैशाली दारात पहाऱ्याला उभी होती, पण ती मांजरीवर पहारा ठेवत असावी. गिरजाबाई माझ्या मागेच होत्या.

"दाखवा."

दाखवला.

"पुसा."

मी पोस्टात मोठमोठ्या साहेबांना उलट उत्तरं दिलेली बाई, पण मुकाट्यानं पुसला. वैशालीचा चेहरा एवढासा झाला. "राहू द्या काकू," ती म्हणाली, "पोतीच लागू देत," आणि पडदे काढायला स्टुलावर चढली.  ते पाहून माझा तोरा पार उतरला.

मी म्हटलं, आता आपलं सामान आवरावं. माझा चार्जर बाजेमागच्या बटणापाशी लावलेला. तिथं हात पोहोचेना, म्हणून मी गुडघे टेकून सरळ बाजेखाली शिरले. चादर खाली लोंबत होती, आत अंधार, तोंडाला जाळं लागलं. तेवढ्यात बाहेर नरेशचा आवाज आला. "वैशाली, तू बाजूला हो जरा. एक काढतो."

"रिकाम्या खोलीचा काढू नको रे!" दारातून गिरजाबाई कडाडल्या.

"रिकामी कुठं आहे माय? काकू आहेत ना खाली. पाय दिसून राहिला."

 मग चादर वर झाली आणि गिरजाबाईंचं तोंड उलटं दिसलं. मी जाळ्यासकट हसायचा प्रयत्न केला.

"काऊन बसल्या वो तिथं?"

"चार्जर."

त्यांनी थोडा विचार केला. "माणूस आहे खोलीत," त्या नरेशला म्हणाल्या. "काढ."

मी पाय आत ओढून घेतला आणि त्यानं फोटो काढला.

पाळीवर जाऊन आम्ही तो चढवला. चक्र फिरलं, फिरलं, आणि हिरवी खूण उमटली. वैशालीनं मला अशी मिठी मारली की आम्ही दोघी तलावात गेलो असतो.

आता काम सोपं होतं असं मला वाटलं, पण मी गिरजाबाईंना हिशेबात धरलंच नव्हतं. "पाहुण्यांनी काऊन खाली बसाचं? घर माझं. पह्यला मान माझा." तो फोटो रद्द करून त्यांचा काढायचा असं ठरलं. आधी त्या रुबाबात रजई ओढून बाजेवर झोपल्या. अॅपनं परत पाठवलं, 'अंथरूण आवरलेलं दिसू द्या.' हे वाचून दाखवल्यावर त्या भडकल्या. "मी काय पसारा आहे का?" मग त्या बाजेखाली गेल्या, मांडी घालून, मान वाकवून, पण फोटोला शोभेल अशा हसऱ्या चेहऱ्यानं. तो चेहरा दिसणार नाही हे त्यांना सांगायची हिंमत कुणाला झाली नाही. सपरीच्या फोटोत त्या धानाच्या कणगीमागे बसल्या. न्हाणीचं काय करायचं ते विचारलं, तर म्हणाल्या, "नरेशले दारामागं उभा करा. बादली देजा हातात." फोटोत येणार नव्हती तरी बादली दिली.

सगळे फोटो चढले, पण अॅपनं कळवलं की तपासणी होईपर्यंत खोली कुणाला दिसणार नाही.

शनिवार उजाडला आणि ट्रॅक्टर दारात उभा राहिला. अट साधी होती, फोनमध्ये खोली दिसली पाहिजे, आणि ती दिसत नव्हती. वैशाली सारखी फोन पुसत होती, जणू धुळीमुळे अडलं असावं. नरेशनं पहिलं पोतं पाठीवर घेतलं आणि आईकडे पाहिलं. "कुठं टाकू?"

 गिरजाबाई खोलीच्या उंबऱ्यात गेल्या, बाजेकडे पाहिलं, खाली वाकून बाजेखालीही पाहिलं.

"सपरीत टाक," त्या म्हणाल्या.

"पण माय, तूच तर..."

"अरे, त्या फोटोत मी बसून आहे खाली. पोती टाकली तर माझ्या अंगावर टाकशील का?"

नरेश पोत्यासकट हसत सुटला. वैशाली हसता हसता रडली, आणि मी नाक पुसायला अंगणात गेले. सपरी पोत्यांनी भरून गेली, चहा आम्ही पोत्यांवर बसून प्यायलो.

परतीच्या गाडीत, नागपूर सोडल्यावर वैशालीचा फोन आला. खोली दिसायला लागली होती आणि पहिले पाहुणेही ठरले होते. मागून गिरजाबाई ओरडत होत्या, "त्यांना सांग, आयते खायले घालीन म्हणून!" मी अॅप उघडलं. स्वच्छ, मोकळी, शांत खोली. पाहणाऱ्याला वाटेल इथं कुणीच नाही. मी मात्र शेजारच्या प्रवाशाला विचित्र वाटेपर्यंत त्या चादरीच्या काठाकडे पाहून हसत बसले.

पुण्यात कुलूप उघडलं, सामान टाकलं. निघताना गिरजाबाईंनी बजावलं होतं, "आमची वैशाली जिथं राहे, त्या खोलीचा फोटो पाठवजा." मागच्या खोलीत गेले. ती गेल्यापासून मी तिथं कुणाला ठेवलं नव्हतं. पलंग, टेबल, खिडकी, सगळं जागच्या जागी. फोन उचलला, बोट बटणावर नेलं, आणि बोट हलेना. फार ओकंओकं दिसत होतं ते. 

मग मी फोन टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, टायमर लावला आणि गुडघे धरत धरत पलंगाखाली शिरले.

फोटो पाठवला. थोड्या वेळानं गिरजाबाईंच्या आवाजात निरोप आला. "खोली चांगली आहे. खाली तुमीच ना?"

मी लिहिलं, "मीच. दुसरं कोण असणार?"

पुन्हा त्यांचा आवाज आला.

"पलंग मोठा दिसून राहिला. धान आटोपलं का मी येईन. दोघी मावू खाली."