डोळ्यांखालचं काळं

आमच्या कोळीवाड्यात झोप रात्रीवर नव्हे, भरतीवर ठरायची. भरतीबरोबर होड्या किनाऱ्याला लागायच्या. मग दुपार असो की पहाट, बायकांनी पाण्यात उतरायचं, टोपल्या वाहायच्या आणि बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूंवर वाळत टाकायचे. भरती रोज पुढे सरके, तिच्यामागे आमची झोपही. त्यामुळे आमच्या थोरल्या ताईच्या डोळ्यांखाली असं काळं, की जणू जन्मतःच कुणी काजळाचं बोट फिरवलंय. तशी वाड्यातली प्रत्येक बाई त्याच वळणाची.

स्वातंत्र्य नवंनवं होतं तेव्हाची गोष्ट. ताईला उरणकडचं स्थळ आलं. मुलाला ताईने जत्रेत पाहिलं होतं. त्या दिवसापासून ती विनाकारण हसायची. मुंबईला दिलेली आमची आत्या मोठी शहाणी. तिने फर्मान काढलं, की असले डोळे दाखवाल तर पोरगी आजारी समजून पाहुणे परत जातील, हिला निजू द्या. झालं! ताई राणीसारखी निजली, डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून. तिच्या वाटच्या टोपल्या माझ्या डोक्यावर आल्या. दिवसागणिक तिचं काळं उतरत गेलं आणि माझ्यावर चढत गेलं. ती आरसा सोडेना, मी आरशाजवळ जाईना.

मुलाची आई स्वतः आली. हातात बांगड्या, अंगाला सुक्या मासळीचा वास, नजर सुरीसारखी. ताईची हनुवटी धरून तिने तिला दारातल्या उजेडात नेलं आणि बराच वेळ न्याहाळलं.

"रूप हाय गो. पन डोल्यांखाली काय न्हाय. हिला भरतीला कोन उठवील?"

आईने घाईघाईने सांगितलं, की चार दिवस मुद्दाम निजवली, तुमच्यासाठीच. त्यावर ती बाई नुसती हसली. तेवढ्यात मी पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"न् ही कोन?"

"धाकटी," आई पुटपुटली.

"मग हीच द्या मना."

आत्याने बटाट्याच्या चकत्यांची ताटली हळूच आत सरकवली. घरात मला कुणी विचारलं नाही, ताईला तर नाहीच.

लग्नाच्या सकाळी माझ्या डोळ्यांत काजळ घालायला ताईच बसली. बोट डबीत एकदाच बुडवलं तिने.

"जास्ती लावत न्हाय," ती म्हणाली. "तुझं हायेच."