सोनईचा पाहुणा जेवत नाही

कुत्र्याची तापाची गोळी मी खाल्ली.

मुद्दाम नाही. शेंगदाण्याचं कूट आणि गूळ कालवून मी दोन लाडू वळले होते. एकात गोळी, दुसरा साधा. साधा लाडू कुत्र्यासमोर बसून आपण खायचा, ‘बघ, कसा झकास झालाय’ असा चेहरा करायचा, आणि त्याचा विश्वास बसला की गोळीचा त्याच्यापुढे ठेवायचा, असा बेत होता. चेहरा उत्तम जमला. दुसऱ्याच घासाला काहीतरी कडूजहर लागलं, पण चेहरा मोडायला नको म्हणून मी ते तसंच गिळलं. कुत्र्यानं माझ्याकडे पाहिलं, उरलेल्या लाडवाकडे पाहिलं, आणि मान पुन्हा पुढच्या पायांवर ठेवून दिली.

डॉक्टरांना फोन केला. आमचे डॉक्टर तसे गाईंचे. संगमनेरच्या आसपास गोठे इतके, की कुत्र्यामांजरांचा नंबर गाईंची नड भागल्यावरच लागतो.

“तुमचं वजन किती?” त्यांनी विचारलं.

“ब्याऐंशी.”

“मग डोस कमी पडला.”

“डॉक्टर, चेष्टा नको.”

“अहो, ती गोळी माणसांनाही देतात. एकीनं काही होत नाही, भरपूर पाणी प्या. कुत्र्याच्या पोटात आज काय गेलं, ते सांगा.”

“काहीच नाही.”

तेव्हा मात्र त्यांचं हसू थांबलं. “आज चौथा दिवस ना?” म्हणाले. “ताप उतरायला इंजेक्शन दिलंय मी, पण रक्त फार कमी झालंय त्याचं. आज संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर सलाईन लावू. आणि खरं सांगू का, सात वर्षांचं जनावर आहे. त्याच्या मनात नसेल तर सलाईनवर फार दिवस काढता येत नाहीत.”

हे कुत्रं आमच्याकडे आलं तेही माझ्या वेंधळेपणामुळेच. माझ्या बायकोचे मामा सोनईजवळ वस्तीवर एकटे राहायचे. गुडघे गेले, मामी गेल्या, तेव्हा मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. मी निरोप द्यायला म्हणून गेलो होतो. मुलाच्या सोसायटीत मोठं कुत्रं चालत नाही, म्हणून शेजारच्या वस्तीवर सोय लावून ठेवली होती. मामांची गाडी निघाली. कुत्रं डांबरी रस्त्यापर्यंत मागे पळालं आणि परत येऊन कुलूप लावलेल्या दारापुढे बसलं. शेजाऱ्यानं ‘यू यू’ करून बोलावलं, भाकरी दाखवली. ते हललं नाही. मी माझ्या गाडीचं दार उघडलं ते खरं म्हणजे घरी निघण्यासाठी. पण उघडल्यावर बराच वेळ तसंच धरून उभा राहिलो. शेवटी कुत्र्यालाच माझी कीव आली असावी. ते उठून आत येऊन बसलं.

बाभळेश्वरच्या पुढे त्यानं मागच्या सीटवर ओकारी काढली. घरी पोचेपर्यंत मी बायकोला सांगायची तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली होती. तिनं दार उघडलं, कुत्र्याला ओळखलं आणि म्हणाली, “मामांना कळवलंत का? त्यांचा जीव लागून राहिला असेल.” माझी तिन्ही वाक्यं वाया गेली.

मामांना कळवलं. त्या दिवसापासून रोज दुपारी चारच्या सुमारास त्यांचा फोन यायला लागला. प्रश्न एकच.

“जावईबापू, जेवलं का ते?”

पहिल्या दिवशी ते जेवलं नव्हतं. नवीन जागा आहे, बुजलं असेल, उद्या जेवेल. म्हाताऱ्याच्या जिवाला घोर कशाला, म्हणून मी “हो हो, जेवलं की” म्हणालो. दुसऱ्या दिवशी माघार घ्यायची लाज वाटली, म्हणून “पोटभर” म्हणालो. तिसऱ्या दिवशी “लई खातंय” म्हणालो, तर मामा म्हणाले, “तसं लई खानारं न्हाई ते.” मी घाईघाईनं पुण्याच्या हवेची चौकशी केली.

त्या चार दिवसांत आमच्या घरात जे शिजलं, ते दिवाळीत शिजत नाही. माझी नोकरी दूध संकलनातली. सगळा दिवस दुधाची फॅट बघण्यात जातो, त्यामुळे जगातल्या कुठल्याही दुखण्यावर दूध हाच माझा पहिला उपाय. मी त्याच्यापुढे म्हशीचं साईसकट दूध ठेवलं. आईनं तूप सोडून शिरा केला. बायकोनं अंडी उकडली. एरवी आमच्या घरात अंड्याला गच्चीवरच्या शेगडीच्या पलीकडे प्रवेश नाही, पण आईनं त्या दिवशी दुसरीकडे बघितलं. कुत्रं प्रत्येक ताटाजवळ येऊन बसायचं, नीट, पाठ ताठ करून, आणि खायचं मात्र नाही. शेजारची मांजर शिऱ्याच्या वासानं कंपाउंडवरून उतरली, तर अंगात ताप असताना ते असं गुरगुरलं की मांजर आल्या पावली परत गेली.

“स्वतः खायचं नाही आणि दुसऱ्याला खाऊ द्यायचं नाही,” मी म्हणालो. “हे तर आमच्या हेडक्लार्कसारखं झालं.”

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी त्याचे कान उलटे करून दाखवले होते. आत गोचिडी चिकटलेल्या. ओठ वर करून हिरड्या दाखवल्या, त्या पांढुरक्या पडलेल्या. रक्त तपासलं, गोचिडताप निघाला. गोळ्या रोज द्यायच्या, पोटात अन्न असताना द्यायच्या, आणि दुधाबरोबर अजिबात द्यायच्या नाहीत, एवढं त्यांनी बजावलं. दुधाबरोबर नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं. माझ्या धंद्याचाच अपमान होता तो.

वजनावर लक्ष ठेवा म्हणाले. कुत्रं काही काट्यावर उभं राहीना, म्हणून मी त्याला उचलून घेऊन उभा राहायचो, मग एकटा उभा राहायचो, आणि बायको वजाबाकी करायची. चौथ्या दिवशी तिनं चष्मा वर करून हिशेब सांगितला, “ते दीड किलोनं उतरलंय. आणि तुम्ही दोन किलोनं वाढलाय.” त्यानं नाकारलेला शिरा वाया जाऊ नये म्हणून कुणीतरी खायला नको का?

पण सगळ्यात अवघड होती ती आई. आई शेतकऱ्याच्या घरातली. गोठ्यातल्या जनावरांना वैरण पडल्याशिवाय माणसानं तोंडात घास घालायचा नाही, हे तिनं लहानपणापासून पाळलेलं. आता आमच्याकडे गोठा नाही, पण जनावर आलं म्हटल्यावर तिचा नियम परत जिवंत झाला. “आधी मुकं जनावर, मग माणूस,” ती म्हणाली. म्हणून कुत्र्याला आधी वाढायचं आणि ते खाईपर्यंत आम्ही तिघांनी त्याच्याभोवती बसून राहायचं. आम्ही त्याच्याकडे बघतोय, ते आमच्याकडे बघतंय, भाकरी गार होतायत. अर्ध्या तासानं आईच कंटाळून हात जोडायची, “खा रे बाबा, आम्हालाही भूक लागलीय.” मग आम्ही चोरासारखे दोन घास खाऊन उठायचो.

लाडवाचा प्रकार झाला तो रविवार होता. डॉक्टरांचा फोन ठेवला तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन बसलो होतो. बायकोनं माझा मोबाईल उचलला.

“कुणाला लावतेयस?”

“मामांना.”

“अगं, मी त्यांना सांगितलंय की—”

“मला माहितीये तुम्ही काय सांगितलंय ते. उद्या याचं काही बरंवाईट झालं, तर काय सांगणार आहात? खाऊन खाऊन गेलं?”

तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगून टाकलं. चार दिवस, ताप, सलाईन, माझी खोटी उत्तरं.

“वाढता कवा त्याला?” मामांनी विचारलं.

“आमच्या आधी. जेवायला बसायच्या आधी.”

“आन् तुमी काय करता?”

“त्याच्यासमोर बसतो, मामा. तिघंही.”

“अगं पोरी,” मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज हसल्यासारखा झाला की कसा, ते फोनवर कळलं नाही. “त्ये जेवत न्हाई, त्ये राखन करतंय. रानात भाकरीचं फडकं त्याच्याम्होरं ठिवून आमी कामाला जायचो. कावळा बी फिरकू द्यायचं न्हाई. दुपारी आमी सगळी जेवायचो, मंग तुझी मामी शेवटची भाकरी माझ्याच ताटात कुस्करायची अन् त्याच्याम्होरं सरकवायची. अन् आमी पाठ करून बसायचो. तवा त्याला कळायचं, आता ही माझी. तुमी आधी वाढलं की त्याला वाटतंय, घरची मानसं अजून उपाशी हायती, आपल्याला राखायला बसवलंय.”

चार दिवस ताप अंगावर काढत ते आमचा शिरा राखत बसलं होतं. मांजरीवर का गुरगुरलं, तेही आता कळलं. हेडक्लार्कची मी मनातल्या मनात माफी मागितली.

“आणि मामा, तुम्ही कसे आहात?” बायकोनं विचारलं. “जेवण जातंय ना?”

“लई चांगलं हाय इथं. सूनबाई लई करती. सगळ्यांच्या आधी मला वाढती, साडेसातला, गरम गरम. पन तवर घरातलं कुनी आलेलं नसतंय. मंग घास नुसता फिरतो तोंडात.” मग म्हणाले, “त्याला जेवू घाला आधी. मला फोन करा. खरा करा, जावईबापू.”

दुपारी आम्ही जेवायला बसलो. आईला बसवणं हेच मोठं काम झालं. “उभ्या जन्मात आजारी जनावराला उपाशी ठेवून मी जेवले नाही,” ती म्हणाली. बायकोनं तिला हाताला धरून बसवलं. मग आई भिंतीकडे तोंड करून जेवली, जणू कुत्र्यानं आपल्याला बघू नये. कुत्रं मागच्या दाराच्या उंबऱ्याशी येऊन बसलं होतं. त्यानं आम्हा तिघांवरून एकदा नजर फिरवली, मोजल्यासारखी.

आमचं आटोपलं. बायकोनं तव्यावरची शेवटची बाजरीची भाकरी उतरवली, जरा निवू दिली. वरणाला फोडणी द्यायच्या आधी तिनं बिनमिठाचं वेगळं काढून ठेवलं होतं. मी माझं ताट विसळायला उचललं, तर तिनं मनगट धरलं. “विसळू नका. त्याला कळलं पाहिजे, तुमचं झालंय.” मग त्याच ताटात भाकरी कुस्करली, वरण ओतलं, आणि उंबऱ्याशी सरकवलं.

आम्ही तिघं पाठ करून बसलो. माझ्या वयाच्या माणसानं, घरात, भिंतीवरच्या दूध संघाच्या कॅलेंडरकडे बघत, कान मागे लावून बसावं! काहीच आवाज येईना. मी हळूच मान वळवायला लागलो, तर बायकोनं दंडाला असा चिमटा घेतला की डोळ्यांत पाणी आलं.

आणि मग ताट फरशीवर सरकल्याचा आवाज आला. जरासा. मग जिभेचा. मग परत ताट सरकलं.

आईनं पदर डोळ्याला लावला. माझ्या डोळ्यांतलं पाणी चिमट्याचं होतं, असं मी त्या वेळी सांगितलं.

त्यानं निम्मंच खाल्लं. उरलेल्या भाकरीच्या एका तुकड्यात गोळी दाबून मी त्याच्यापुढे धरली, तर ती त्यानं बोटाला दात न लावता अलगद घेतली आणि गिळली. माझ्या लाडवाची एवढीही दखल नव्हती.

संध्याकाळी डॉक्टर आले ते सलाईनच्या तयारीनं. ताप बघितला, हिरड्या बघितल्या, अर्धं संपलेलं ताट बघितलं. “इंजेक्शननं ताप उतरला, म्हणून खाल्लं,” ते म्हणाले. आई म्हणाली, देवाला दिवा लावला म्हणून खाल्लं. बायको ताट उचलून आत गेली. मी सगळ्यांना हो म्हणालो. ही माझी जुनी सवय. “आता एकवीस दिवस गोळी चुकवायची नाही,” डॉक्टरांनी बजावलं, “आणि ती कुणाला द्यायचीय, तेवढं लक्षात ठेवा.”

आठवड्याभरात ते आख्खी भाकरी खायला लागलं. कानातल्या गोचिडी मी आणि बायकोनं दुपारच्या उन्हात बसून चिमट्यानं एकेक काढल्या. ती काढायची, मी पाण्याची वाटी धरायचो. दूध मात्र त्यानं कधीच प्यायलं नाही. आईनं आपला नियम सोडलेला नाही, फक्त तो कुत्र्याला लागू नाही असं ठरवलं, आणि कावळ्यांना आधी वाढायला लागली.

पण मी सांगतोय ती त्या रविवारचीच गोष्ट. डॉक्टर गेल्यावर मी मामांना फोन केला. “खरं सांगतो मामा, निम्मी भाकरी खाल्ली.” मामा “बरं झालं, बरं झालं” एवढंच म्हणत राहिले. मी विचारलं, “तुमचं जेवण झालं का?” तर म्हणाले, “वाढलंय. बसतो आता.” मागे टीव्हीचा आवाज येत होता, बाकी कुणाचा नाही.

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात आलो आणि बायकोला हे सगळं सांगितलं. ती कुत्र्याचं ताट घासत होती. घासून झालं, उपडं घातलं, हात पुसले.

“उद्या सकाळी मामांच्या सूनबाईला फोन लावून द्या मला,” ती म्हणाली. “सांगते तिला, मामांना आधी वाढू नकोस गं. तुम्ही सगळे ताटावर बसलात ना, की मग हाक मार.”