वेगळ्या पातेल्यातला रस्सा

नेदरलँड्समध्ये हार्लेमला आमच्या घरापासून सायकलवर पाच मिनिटांवर एक जपानी खानावळ आहे. सहा टेबलं. नवरा आत शिजवतो, बायको बाहेर वाढते, दोघंही साठीच्या पुढची. नोकरीसाठी इथे आले तेव्हा पहिला हिवाळाभर मी दर शनिवारी दुपारी तिथे जेवायचे. वाढणाऱ्या काकूंचं मोडकं डच आणि माझं मोडकं डच यांचं छान जमायचं.

दादा पुण्याहून पहिल्यांदाच आला, तेव्हा मी त्याला कौतुकाने तिथे नेलं.

दादा पक्का शाकाहारी. तिथल्या रोजच्या रश्शात मासा असतो, म्हणून मी आदल्या दिवशीच जाऊन काकूंना सांगून आले होते. त्यांनी वाळवलेली मशरूम आणि समुद्रातलं शेवाळ भिजत घालून वेगळा रस्सा केला होता, नव्या पातेल्यात. आम्ही बसल्या बसल्या त्यांनी हे सगळं हातवारे करून सांगितलं. मी दादाला मराठीत सांगितलं.

"तिला विचार, पळी वेगळी आहे का."

"त्यांना," मी म्हटलं.

"बरं, त्यांना विचार."

पळीही वेगळी होती. काकू हसून आत गेल्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. दादा मोबाइलवर काहीतरी टाइप करत होता. पाणी ओतताना माझी नजर पडली. खानावळीला पाचातला एक तारा. खाली इंग्रजीत लिहिलेलं: शाकाहारी माणसांची इथे किंमत नाही, स्वच्छतेबद्दल शंका, जाऊ नका.

"दादा, हे काय? तू अजून घासही खाल्ला नाहीस."

"अगं, असं लिहिलं की ही लोकं सुधारतात."

"खोडून टाक."

"आता गेलं ते. एवढं काय त्यात?"

लहानपणापासून दादाचं "एवढं काय त्यात" ऐकत आले होते. त्याने शेजारच्या आजोबांना सगळ्यांसमोर वेड्यात काढलं होतं, माझं पत्र मित्रांना वाचून दाखवलं होतं, तेव्हाही हेच. दर वेळी आई म्हणायची, मोठा आहे, सोडून दे. मी सोडत आले.

"ऊठ," मी म्हटलं. "इथे तू जेवायचं नाहीस."

"लोक बघतायत."

"बघू देत. ऊठ!"

तो खरंच उठला. कोट घेतला, दार आपटून बाहेर गेला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चमचा खाली ठेवला. तेवढ्यात काकू दोन वाडगे घेऊन आल्या. रिकाम्या खुर्चीकडे पाहून त्यांनी विचारलं, "त्यांना बरं नाही का?"

मी खोटं बोलू शकले असते. पण माझ्या फोनवर दादाचा तो मजकूर उघडून त्यांना दाखवला, मोडक्या डचमध्ये माफी मागितली. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. एक वाडगा माझ्यासमोर ठेवला आणि दुसरा घेऊन आत गेल्या. आतून नवऱ्याचा आवाज आला, मग भांडं जोरात ठेवल्याचा.

मी रस्सा संपवला. चव कळली नाही, एवढा राग होता.

दादाने ते अजूनही खोडलेलं नाही. आई फोनवर म्हणते, तू त्याचा अपमान केलास. केला. मी फोन ठेवून देते.