मागच्या बाकावर कोर्नेलिया

नवरा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळला, तेव्हा फिलिपिन्समधल्या विगान गावच्या कोर्नेलियानं त्याचा टांगा हाकायला घेतला. लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली. नवरा गेला. मुलीचं लग्नही तिनं टांग्याच्याच कमाईवर लावलं.

यंदा जत्रेतल्या टांग्यांच्या मिरवणुकीला ती घोडीला बोगनवेलीच्या माळा घालून पोचली. संयोजकबाई म्हणाल्या, "कोर्नेलियाबाई, देखावा जुन्या स्पॅनिश काळचा आहे. तेव्हा बायका कुठे टांगा हाकायच्या? तुम्ही पंखा घेऊन मागे बसा, लगाम जावयाला द्या."

"घोडी त्याचं ऐकायची नाही."

जावई हर्नान हसला. "बसा हो आई, बघू तरी!"

त्यानं चुचकारलं आणि घोडी मुकाट चालू लागली. दगडी रस्त्याच्या दोन्ही अंगांनी टाळ्या पडल्या. कोर्नेलियाला ना बाईंचा राग आला, ना जावयाचा. तिला घोडीचा राग आला.

मिरवणूक संपल्यावर तिनं लगाम मागितला, तर हर्नान म्हणाला, "आता आराम करा, आई. घोडीला माझ्या हाताची सवय होऊ द्या."

शेजारी उभ्या मुलीनंही मान डोलावली.

कोर्नेलिया खाली उतरली आणि घरी पायी गेली.