हरलेल्यांचं वेळापत्रक

स्पर्धा कुठलीही असो, संपली की लोक विचारतात, जिंकलं कोण? सायमनभाऊ विचारायचे, "हरलं कोण? आणि त्याचं पुढे काय?" आमची ओळखच या प्रश्नावर झाली. सिडनीच्या गिरावीन उपनगरातल्या एका हॉलमध्ये कॅरमची स्पर्धा होती. माझा नवरा पहिल्याच फेरीत हरला आणि लगेच गाडीची किल्ली शोधायला लागला. एक उंच गृहस्थ उठून आयोजकांना म्हणाले, "हा माणूस एवढ्या लांबून आलाय. त्याला अजून एक डाव द्या." दिला. नवरा तोही हरला, पण वडे खाऊन आणि चार ओळखी करून घरी आला.

भाऊ मूळचे वसईचे, पेशाने इंजिनिअर. लहानथोर प्रत्येक बाईला ते 'बाय' म्हणत. हिवाळ्यात रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की ते थेट मैदानावर. सिडनीतल्या वेगवेगळ्या युनिव्हर्सिट्यांमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांची फुटबॉल स्पर्धा ते चालवत. मी कमिटीची सेक्रेटरी. मैदानाची परवानगी, प्रथमोपचाराची पेटी आणि संत्र्याच्या फोडी ही माझी खाती. वेळापत्रक मात्र भाऊंचं, आणि ते त्यांच्या फ्रिजवर बने. प्रत्येक टीमचं एक मॅग्नेट: पिझ्झावाल्याचं, प्लंबरचं, घरं विकणाऱ्या एजंटचं. मुलं गोदामांत, पेट्रोल पंपांवर कामं करायची. कोणाची शिफ्ट कधी हे भाऊंना पाठ असे आणि त्याप्रमाणे मॅग्नेट सरकत. शिफ्ट सोडून दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी सामना हलत नसे. वाढदिवस नाही, परीक्षा नाही, कोणाचं लग्नसुद्धा नाही.

महामारीच्या पहिल्या वर्षी मार्चमध्ये त्यांची बायको, फिलोमिनाताई, आजारी आईला बघायला वसईला गेल्या आणि तिथेच अडकल्या. आई गेली, तरी ताईंना परतता येईना. तिकीट मिळायचं आणि रद्द व्हायचं. "विमान रद्द झालं की आमचं नाव पुन्हा सगळ्यात शेवटी," भाऊ म्हणायचे. "ही कसली पद्धत, बाय?"

त्या वर्षी स्पर्धा उशिरा सुरू झाली. क्रिकेटवाले मैदान ताब्यात घेण्याआधी ती उरकायची होती. मी सुचवलं की गुणांत पहिल्या चार टीम घ्या, हरेल तो बाद, विषय संपला. भाऊंना वरच्या दोन टीमना दुसरी संधी हवी होती. त्या दोघींत जी हरेल तिला खालच्या दोघींतल्या विजेत्याशी आणखी एक सामना. त्याला एक रविवार जास्त लागत होता.

"एका वाईट दुपारवरून टीम ठरवू नये," ते म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, हरला तो घरी, जगभर हेच चालतं.

"घरी," ते म्हणाले. "ह्या पोरांचं घर कुठे आहे, सांग बघू. आठवडाभर एका खोलीत बसून असतात. रविवारी माणसं दिसतात त्यांना."

मी वाद घालत नाही, फोन लावते. मैदान दोन आठवडे जास्त मिळालं.

दुसरी संधी मिळालेली निखिलची टीम फायनलला पोहोचली. समोर हरमनची. आणि त्याच सुमारास फिलोमिनाताई अखेर सिडनीत उतरल्या. दोन आठवडे हॉटेलात क्वारंटाइन, आणि सुटका नेमकी फायनलच्या रविवारी. परवानगीच्या कागदावर कोविड-मार्शल, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणारा, म्हणून भाऊंचं नाव, त्यामुळे मैदानावर ते हवेतच. मी म्हटलं, मैदान पुढच्या रविवारीही आपलंच आहे, ढकला.

"एकासाठी हलवलं की ते सगळ्यांचं राहत नाही, बाय. ती टॅक्सीने येईल."

असं म्हणाले खरं, पण त्या आठवड्यात त्यांनी लॉन दोनदा कापलं आणि फ्रीझर पापलेटांनी भरला. मी दोन्ही कॅप्टनना ताई कधी सुटणार एवढंच कळवलं. पुढचं त्यांचं त्यांनी बघितलं.

गुरुवारी मास्कचा खोका द्यायला गेले, तर भाऊंचा फोन स्पीकरवर होता. हरमन बोलत होता, "अंकल, सॉरी, संडे को शिफ्ट लग गई." तो ठेवतोय तोवर निखिलचा आला. "काका, संडेला अचानक शिफ्ट लागली. पुढच्या आठवड्यात चालेल का?"

निखिल काम करायचा ते गोदाम रविवारी बंद असे, हे भाऊंइतकं कोणालाच माहीत नव्हतं. ते उठून फ्रिजसमोर गेले. मग "शिफ्ट असेल तर प्रश्नच नाही," असं म्हणून दोन्ही मॅग्नेट पुढच्या रविवारी सरकवली. नंतर चष्मा पुसत बसले. मी खोका ठेवला आणि निघाले.

त्या रविवारी हॉटेलपर्यंत गाडी मी चालवली. शहरात पार्किंग मिळत नाही, हे त्यांचं कारण. फिलोमिनाताई ट्रॉली ढकलत बाहेर आल्या, भाऊंना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "केस कोणी कापले?" भाऊंनी ट्रॉली आपल्या हातात घेतली.

पुढच्या रविवारी निखिलची टीम हरली. दोघं नवराबायको घडीच्या खुर्च्यांवर शेजारी बसली होती. हरमन कप घेऊन आला, तेव्हा भाऊंनी विचारलं, "शिफ्ट कैसी थी?"

"लंबी थी, अंकल."

आता दोघं कायमचे वसईला परतलेत आणि मॅग्नेट माझ्या फ्रिजवर आहेत. रविवारी त्यांचा फोन येतो. यंदा सेमीफायनल आठवडाभर पुढे का गेली, असं भाऊंनी विचारलं. म्हटलं, एका मुलाची शिफ्ट होती.

"खरी?"

"नाही. त्याची आई पहिल्यांदाच येणार होती."

मग म्हणाले, "बरं. हरलं कोण?"